पाण्याच्या धड्यातल्या माझ्या चुका

अकरावीला जीवशास्त्र शिकवताना पाण्याचं रसायन मी कायम घाईने उरकत आले. पेशी, विकर, डीएनए यांच्याकडे जाण्याआधी अणू, बंध आणि पाणी यांचा थोडा भाग घ्यावा लागतो. तो भाग मला माझा वाटत नसे. ते केमिस्ट्रीवाल्यांचं काम, असं मी धरून चालले होते. फळ्यावर एक मोठं वर्तुळ, त्याला चिकटलेली दोन लहान वर्तुळं आणि खाली गुणधर्मांची यादी: उत्तम द्रावक, विशिष्ट उष्मा जास्त, पृष्ठताण जास्त, बर्फ पाण्यावर तरंगतो. मुलं यादी पाठ करत, पेपरात उतरवत आणि मार्क घेत.

आंबेगाव तालुक्यातल्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात मी शिकवते तिथे पीसीबी घेणारी बरीचशी मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात. अकरावीला अचानक सगळी पुस्तकं इंग्रजी होतात. त्यांचं ओझं कमी करावं म्हणून मी सोपं करून सांगत होते, आणि माझा हेतू चांगला होता. पण सोपं करता करता मी जे सांगितलं त्यातलं बरंचसं चुकीचं होतं. काही चुका मुलांनी दाखवल्या, काही शेताने दाखवल्या, एक तर फार उशिरा कळली. हा भाग नव्याने शिकणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून त्या लिहून ठेवते.

पहिली सापडली ती उत्तरपत्रिकांत. प्रश्न होता, पाणी उकळताना कोणते बंध तुटतात? पुष्कळ मुलांनी लिहिलं होतं, ‘हायड्रोजन बंध तुटतात आणि पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन हे वायू होतात.’ पहिल्या अर्ध्याला मी मार्क दिले, दुसऱ्या अर्ध्यावर लाल रेघ मारली. तेच वाक्य पुढच्या पेपरात, त्याच्या पुढच्याही पेपरात आलं तेव्हा मला वाटलं कॉपी झाली. म्हणून एका मुलीची वही मागवली. वहीत माझीच आकृती होती, फळ्यावरून जशीच्या तशी उतरवलेली. पाण्याच्या एकाच रेणूतल्या ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांना जोडणाऱ्या रेघेवर बाण काढून मी लिहिलं होतं, ‘हायड्रोजन बंध’.

ती आकृती खरी मानली तर मुलांचं उत्तर अगदी बरोबर होतं. ती रेघ तुटली की हायड्रोजन सुटा होणारच. चुकलं होतं ते माझं नाव देणं, आणि लाल रेघ मी त्यांच्या तर्कावर मारली होती.

रेणूच्या आतली ती रेघ म्हणजे सहसंयुज बंध. हायड्रोजन बंध असतो तो दोन वेगळ्या रेणूंमध्ये: एका रेणूतला हायड्रोजन आणि शेजारच्या रेणूतला ऑक्सिजन यांच्यातली ओढ. दोघांच्या ताकदीत फार अंतर आहे. आतला बंध तोडायला एका मोलमागे सुमारे ४६० किलोज्यूल लागतात, हायड्रोजन बंधाला सुमारे २०. चुलीच्या आचेने तुटतात ते हे कमकुवत, रेणूरेणूंमधले बंध. वाफ म्हणजे पाण्याचे अख्खे रेणू, फक्त एकमेकांपासून सुटे झालेले. भाताच्या पातेल्यातून खरोखर हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडले असते तर पेटत्या चुलीशेजारी कुणी उभंच राहू शकलं नसतं. हे एवढं एक वाक्य मी वर्गात उच्चारलं असतं तरी मुलांनी आकृतीवर शंका घेतली असती.

मग मी पुन्हा मुळाशी गेले. १९१६ साली गिल्बर्ट लुईस यांनी मांडलं की दोन अणू इलेक्ट्रॉनांची एक जोडी सामाईक ठेवतात आणि त्यातून बंध तयार होतो. हे मी सांगत असे. पण सामाईक म्हणजे समसमान नव्हे, हे मी कधीच सांगितलं नव्हतं. आमच्याकडे दोन भावांत एक सामाईक विहीर असते. कागदावर हिस्सा निम्मा-निम्मा, पण ज्याची मोटर जास्त हॉर्सपॉवरची त्याच्या वावरात पाणी जास्त जातं. ऑक्सिजनच्या केंद्रकात आठ प्रोटॉन, हायड्रोजनच्या केंद्रकात एक. लायनस पॉलिंग यांच्या विद्युतऋणतेच्या मापावर ऑक्सिजन ३.४४ आणि हायड्रोजन २.२०. म्हणून सामाईक इलेक्ट्रॉन बराच काळ ऑक्सिजनच्या बाजूला असतात. तिकडे थोडा ऋण प्रभार साचतो, दोन्ही हायड्रोजन थोडे धन राहतात.

यात रेणूचा आकारही महत्त्वाचा. कार्बन डायऑक्साइडमध्येही ऑक्सिजन इलेक्ट्रॉन ओढतोच, पण तो रेणू सरळ रेषेत असल्याने दोन्हीकडची ओढ एकमेकांना मारून टाकते. पाण्याचा रेणू १०४.५ अंशात वाकलेला आहे. त्याला एक ऋण बाजू आणि एक धन बाजू उरते, आणि तो शेजाऱ्यांना धरून ठेवतो. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्यापेक्षा जड, तरी तो उणे ६० अंश सेल्सिअसलाच उकळतो, कारण गंधकाची इलेक्ट्रॉनांवरची ओढ ऑक्सिजनपेक्षा पुष्कळ कमी. पाणी १०० अंशांपर्यंत टिकतं. मी पाठ करायला लावलेल्या यादीतली प्रत्येक ओळ या एका असमान वाटणीतून निघते. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला ४.१८ ज्यूल लागतात, एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,२६० ज्यूल. म्हणून घाम अंग थंड करतो. पानांतून वाफ उडत राहते आणि तिच्यामागे पाण्याचा अखंड धागा मुळांपासून वर ओढला जातो, हे डिक्सन आणि जोली यांनी १८९४ सालीच मांडलं होतं. मी यादी दिली, कारण दिलं नाही. कारणाशिवायच्या यादीत एक शब्द चुकला तरी मुलांना तो पकडता येत नाही, आणि मलाही आला नव्हता.

त्यानंतरची चूक खोडदला झाली.

नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभारली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मध्यभागी आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन दिशांना आसपासच्या गावांत पसरलेल्या. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, तिथे प्रदर्शन भरतं आणि जुन्नर-आंबेगावातल्या शाळा-कॉलेजांची मुलं जातात. आमची मुलंही गेली. अवकाशातल्या हायड्रोजनच्या अणूंकडून २१ सेंटीमीटर लांबीची रेडिओ लहर येते आणि ती इथे टिपता येते, असं तिथे माहिती सांगणाऱ्या तरुणाने समजावलं. बाहेर आल्यावर एका मुलीने विचारलं, “मॅडम, मग घोड नदीच्या पाण्यातला हायड्रोजनपण हे ऐकत असतील ना?”

मी म्हणाले, “हो, का नाही? हायड्रोजन तो हायड्रोजनच.”

तो तरुण मागेच उभा होता. त्याने अगदी अदबीने सांगितलं की तसं होत नाही. ती लहर देतो तो सुटा अणू, ज्याचा एकच इलेक्ट्रॉन एकटा असतो. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन दोघेही सूक्ष्म चुंबकासारखे वागतात आणि इलेक्ट्रॉनची दिशा उलटली की ती लहर निघते. एका अणूत हे आपोआप घडायला सरासरी एक कोटीहून जास्त वर्षं लागतात. आकाशगंगांमध्ये हायड्रोजन प्रचंड आहे म्हणूनच ती लहर ऐकू येते. पाण्यात मात्र त्या हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या इलेक्ट्रॉनबरोबर जोडीत बांधलेला असतो. जोडीतला इलेक्ट्रॉन ती लहर देत नाही.

मुलगी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली. परतीच्या बसमध्ये तिने पुन्हा विषय काढला तेव्हा मी म्हणाले, “एवढ्या खोलात आपल्याला जायचं नाहीये, परीक्षेला येत नाही.” मला उत्तर ठाऊक नव्हतं हे माफ होण्यासारखं होतं. तिचा प्रश्न बंद करायचा मला काही अधिकार नव्हता. त्या प्रश्नात सगळ्या रसायनाचं मूळ होतं: बंधात गेलेला अणू आणि सुटा अणू यांचं केंद्रक तेच असतं, पण इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते आणि तिच्याबरोबर अणूचं सगळं वागणं बदलतं. सोडियम धातू पाण्यात टाकला तर पेट घेतो, तोच सोडियम मिठात आपण रोज खातो. २०२३ साली याच दुर्बिणीच्या निरीक्षणांतून मॅकगिल विद्यापीठ आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एका अतिदूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनची लहर टिपल्याचं जाहीर केलं. ८८० कोटी वर्षं प्रवास करून आलेली ती लहर विश्वाच्या प्रसरणाने ताणली जाऊन ४८ सेंटीमीटर झाली होती. ती बातमी मी वर्गात वाचून दाखवली आणि त्यानिमित्ताने सुट्या आणि बांधलेल्या हायड्रोजनमधला फरक नीट शिकवला. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता ती तोवर कॉलेजातून बाहेर पडली होती.

सगळ्यात महाग पडलेली चूक मात्र घरच्या शेतात झाली. माझं सासर कळंबचं. पुणे-नाशिक रस्त्यावर मंचर सोडलं की नारायणगावच्या अलीकडे घोड नदीकाठी हे गाव लागतं. वर डिंभ्याचं धरण, त्यामुळे नदीकाठची बागायत टिकून आहे. ऊस, कांदा आणि उन्हाळ्यात टोमॅटो. त्या हंगामात आमच्या वावरातही टोमॅटो होते, ठिबकवर, तार-बांबूवर चढवलेले. फळांच्या बुडाला काळे डाग पडायला लागले होते. हे कॅल्शियम कमी पडल्याचं लक्षण, म्हणून भाऊजींनी कॅल्शियम नायट्रेटची गोणी आणली होती. त्याच आठवड्यात १२:६१:०० हे स्फुरदाचं विद्राव्य खतही सोडायचं होतं. त्यांनी मला विचारलं, “वहिनी, दोन्ही एकाच ड्रममध्ये कालवलं तर चालंल का? लाइट रातची हाये, दोनदा कोण सोडत बसणार?”

“दोन्ही विद्राव्य आहेत ना भाऊजी? मग काय हरकत आहे,” मी म्हणाले.

ड्रममधलं पाणी बघता बघता पांढरंफटक झालं. भाऊजींनी काठीने ढवळलं, मी म्हणाले अजून ढवळा, विरघळेल. ते विरघळलं नाही. तसंच ते ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणाऱ्या व्हेंच्युरीतून ओढलं गेलं. बारीक कण फिल्टरमधून निसटून नळ्यांत उतरले आणि ड्रिपरच्या बारीक वाटा बुजल्या. दोन-तीन दिवसांत ओळींच्या शेवटची झाडं माना टाकायला लागली. आधी आम्हाला मर रोग वाटला. नळी उचलून पाहिली तेव्हा कळलं की तिथपर्यंत पाणीच पोचत नाही. कृषी सेवा केंद्रवाल्याला विचारलं तर तो लगेच म्हणाला, “कॅल्शियम कुणाबरोबर कालवायचं नसतं ताई. गोणीवरच लिहिलेलं आहे.” खरंच लिहिलेलं होतं. भाऊजींनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. त्यांनी मॅडमला विचारलं होतं, गोणी वाचायची त्यांना गरज वाटली नव्हती. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

माझ्या उत्तराच्या मागे वर्गातलं माझंच एक वाक्य होतं. ‘मीठ पाण्यात विरघळतं म्हणजे मिठाचे रेणू पाण्यात पसरतात,’ असं मी दरवर्षी सांगत असे. मिठाला रेणू नसतातच. सोडियमने एक इलेक्ट्रॉन गमावलेला असतो, क्लोरीनने तो घेतलेला असतो, आणि हे धन-ऋण आयन स्फटिकात एकाआड एक रचलेले असतात. पाण्यात टाकलं की पाण्याचे रेणू ऋण बाजूने सोडियमला आणि धन बाजूने क्लोराइडला वेढतात आणि प्रत्येक आयन सुटा करून घेऊन जातात. एकदा सुटा झाल्यावर तो आयन कुठल्या गोणीतून आला याला काही अर्थ उरत नाही. आमच्या ड्रममध्ये एका गोणीतून कॅल्शियम आणि नायट्रेट सुटले, दुसऱ्या गोणीतून अमोनियम आणि फॉस्फेट. चौघेही एकाच पाण्यात फिरायला लागले. त्यात कॅल्शियमवर दोन धन प्रभार, आणि फॉस्फेटशी त्याची ओढ इतकी घट्ट की पाण्याच्या रेणूंना त्यांना वेगळं ठेवणं जमत नाही. दोघे भेटले की एकत्र बसून तळाशी जातात. दोन्ही खतं विद्राव्य होती, त्यांच्यातून जे तिसरं तयार झालं ते नव्हतं. रेणू रेणूच राहतात असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं, म्हणून तिसऱ्या पदार्थाची शक्यता माझ्या मनातही आली नाही.

नळ्या साफ करायला आम्ल सोडावं लागलं. आम्ल पाण्यात थोडं थोडं ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही, कारण तीव्र आम्लाचे रेणू पाण्याशी जोडले जाताना इतकी उष्णता निघते की वरून ओतलेलं थोडं पाणी उकळून अंगावर उडतं. आम्लातले हायड्रोजन आयन फॉस्फेटला चिकटले की त्याची कॅल्शियमवरची पकड ढिली होते आणि गाळ पुन्हा विरघळतो. बऱ्याच ड्रिपर उघडल्या, काही नळ्या बदलाव्याच लागल्या. शेवटच्या ओळींचा तोडा गेला तो गेलाच.

हे सगळं निस्तरत असताना मला दिसलं की जीवशास्त्राचा केवढा मोठा भाग मी त्या ड्रममध्ये पाहिला होता. तो पांढरा गाळ आणि आपलं हाड हे जवळचे नातेवाईक आहेत, दोन्ही कॅल्शियम फॉस्फेटच्या घराण्यातले. दातांवर जिवाणूंनी तयार केलेलं आम्ल एनॅमल विरघळवतं, तीच क्रिया आम्ही नळ्यांमध्ये मुद्दाम घडवली होती. आणि पेशी? पेशीच्या आत फॉस्फेट खच्चून भरलेलं असतं. तिथे बाहेरइतकं कॅल्शियम शिरलं तर आमच्या ड्रमची गत व्हायची. पेशी आपल्या द्रवातलं मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे १०,००० पटीने कमी ठेवते आणि ते बाहेर ढकलत राहण्यासाठी सतत ऊर्जा खर्च करते. आत ते इतकं कमी असल्यामुळेच थोडंसं कॅल्शियम आत सोडणं हा खणखणीत इशारा ठरतो. त्या इशाऱ्यावर स्नायू आकुंचन पावतो. हे मी ‘कॅल्शियमची कार्ये’ म्हणून मुद्द्यांत लिहून देत असे. आता आधी दोन काचेच्या ग्लासांत ती दोन खतं वेगवेगळी विरघळवून दाखवते, मग एकात एक ओतते, आणि मुलांना विचारते की पेशीने काय करावं. कुणीतरी म्हणतंच, “कॅल्शियम बाहेर काढावं.”

पाण्याबद्दलची एक चूक लिहायला जड जातं. ३० जुलै २०१४ ला पहाटेनंतर माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून जास्त माणसं गेली. माळीण आमच्याच तालुक्यात, पश्चिमेच्या डोंगरात, डिंभ्याच्या वरच्या अंगाला. कॉलेज पुन्हा नीट सुरू झाल्यावर त्या भागातून येणाऱ्या एका मुलीने वर्गात विचारलं, “मॅडम, पाणी माती धरून ठेवतं ना? तुम्ही सांगितलं होतं. मग डोंगर का आला खाली?” मी म्हणाले, खूप पाऊस झाला, पाण्याने माती विरघळली. आणि पुढचा मुद्दा घेतला.

माती मिठासारखी विरघळत नाही. तिचे बहुतेक कण सिलिकेट खनिजांचे, पाण्याला त्यांचे बंध सोडवता येत नाहीत. ओलसर मातीत कणाकणांमध्ये पाण्याचा पातळ थर असतो आणि बाजूला हवा असते. पाण्याचे रेणू मातीच्या कणांना आणि एकमेकांना धरतात, पृष्ठताण कणांना जवळ ओढतो, म्हणून ओली माती मुठीत घट्ट बसते. पाऊस थांबेचना तर सगळी पोकळी पाण्याने भरते, हवा जाते, आणि हवा-पाण्याची सीमाच उरली नाही की ती ओढही संपते. उलट पोकळीतल्या पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून दूर रेटतो, त्यांच्यातलं घर्षण कमी होतं आणि तीव्र उतारावरचा मातीचा थर स्वतःच्या वजनाने सुटतो. थोडं पाणी माती धरतं आणि खूप पाणी माती सोडतं, ही दोन्ही पाण्याचीच वागणूक. मुलीने माझ्या धड्यातली खरी विसंगती हेरली होती. तिला खरं उत्तर द्यायला हवं होतं. तिच्यासाठी तो परीक्षेचा प्रश्न नव्हता. माझ्याकडे उत्तर नव्हतं तर ‘शोधून उद्या सांगते’ म्हणता आलं असतं. विषय दुःखाचा आहे म्हणून मी घाई केली असं तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं कारण मला माहीत नसणं हेच होतं. आता पृष्ठताण शिकवताना हा भाग मी वगळत नाही आणि सावकाश घेते, कारण वर्गात दरवर्षी डोंगराखालच्या गावांतली मुलं असतात.

आणि उरली ती एटीपीची, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूची, चूक. ‘एटीपीतला फॉस्फेटचा बंध तुटला की त्यात साठवलेली ऊर्जा बाहेर पडते’ हे वाक्य मी नोकरीच्या सुरुवातीपासून शिकवलं. एका मुलाने हात वर केला. “मॅडम, केमिस्ट्रीत सांगितलंय की बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते, आणि बंध तयार झाला की ऊर्जा निघते. मग इथे उलटं कसं?”

मी उत्तर दिलं, “ते केमिस्ट्रीत. बायोलॉजीत वेगळं असतं.”

माझ्या सगळ्या नोकरीत यापेक्षा वाईट वाक्य मी उच्चारलं नसेल. बाकीच्या चुकांत माहिती चुकली होती. इथे मी एका मुलाला सांगितलं की निसर्गाचे नियम तासिकेगणिक बदलतात.

तो बरोबर होता. कुठलाही बंध तोडायला ऊर्जा लागतेच, एटीपीचाही. पण पाण्याने एटीपीचा शेवटचा फॉस्फेट वेगळा केला की नवे बंध तयार होतात. एटीपीत शेजारी शेजारी कोंबलेले ऋण प्रभार एकमेकांपासून सुटतात. सुटलेल्या फॉस्फेटवरचा प्रभार जास्त मोकळेपणाने पसरतो आणि पाण्याचे रेणू त्याला अधिक चांगले वेढतात. देणं-घेणं एकत्र मांडलं तर प्रमाण परिस्थितीत एका मोलमागे सुमारे ३०.५ किलोज्यूल मोकळी ऊर्जा हाती उरते. ऊर्जा बंधाच्या पोटात दडलेली नसते. ती आधीच्या आणि नंतरच्या अवस्थेतला फरक असते, आणि त्या फरकात पाण्याचा वाटा मोठा आहे. साखर जाळतानाही हेच. ऑक्सिजन वायूतले बंध तुलनेने कमकुवत, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यातले मजबूत. कमकुवत मोडून मजबूत तयार झाले, त्या फरकावर आपण जगतो.

माझं वाक्य कुठून आलं हे मी नंतर शोधलं. एटीपीचा शोध १९२९चा. जर्मनीत कार्ल लोमान आणि हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर आपले यल्लाप्रगड सुब्बाराव यांनी तो लावला. १९४१ साली फ्रिट्झ लिपमन यांनी एका मोठ्या लेखात ‘ऊर्जासमृद्ध फॉस्फेट बंध’ अशी कल्पना मांडली आणि तो दाखवायला एक नागमोडी रेघ वापरली. त्यांना म्हणायचं होतं की हा फॉस्फेट वेगळा होताना पेशीला पुष्कळ ऊर्जा वापरता येते. पुस्तकांनी नागमोडी रेघ ठेवली आणि त्यांचं म्हणणं गाळलं. मी त्या रेघेत ऊर्जा भरलेली आहे असंच समजत आले, आणि तसंच पुढे देत आले.

हे मला समजावलं आमच्याच स्टाफरूममधल्या रसायनशास्त्राच्या सरांनी. टोमॅटोचा प्रकार झाल्यावर मी त्यांच्याकडे बसायला सुरुवात केली होती. आमची टेबलं इतकी वर्षं समोरासमोर होती, पण एकमेकांच्या धड्यात काय शिकवतो हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. आता बंध, पाणी आणि आम्ल-आम्लारी हा भाग आम्ही दोघे एकाच वर्गात एकत्र घेतो. त्यांच्या एखाद्या वाक्याशी माझं वाक्य जुळलं नाही तर तिथेच थांबून, मुलांसमोर, ते सोडवतो. वेळापत्रकात हे बसवायला त्रास होतो, आणि प्रत्येक वर्षी तो घ्यावा लागतो.

ज्या मुलाने प्रश्न विचारला होता तो पुढे फार्मसीला गेला. त्याचा नंबर मिळवून मी फोन केला आणि सांगितलं की त्या दिवशी तू बरोबर होतास आणि मी चुकीचं सांगितलं. त्याला तो तास आठवत होता. “मॅडम, मला तेव्हाच पटलं नव्हतं,” तो म्हणाला, “पण बायोलॉजीच्या पेपरात मी तुमचं उत्तर लिहिलं आणि केमिस्ट्रीच्या पेपरात सरांचं. दोन्हीकडे पूर्ण मार्क मिळाले.”